सारख्याच दिसणाऱ्या दोन जागा

पुणतांबा,
नोव्हेंबर १९९८

प्रिय वृषाली,

नोकरी करणाऱ्या आपण बायका कुठल्याही गावच्या असू, एक राग आपल्या सगळ्यांच्या पोटात आहे. यंत्र अडलं की आधी त्याच्यासमोर बसलेल्या बाईकडे बोट जातं. तू इंजिनिअर, मी कामगार संघटनेची गळा फाडणारी तुझी आत्या. हा राग आपण दोघींनीही गिळलेला आहे.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला. बैलगाड्यांची रांग पार पाटापर्यंत गेली आहे. काट्यावरचं वजन ऑफिसच्या संगणकात पोचून पावती निघायला अर्धा अर्धा तास लागतो. ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं आणि गाडीवान पावतीच्या खिडकीवर आमच्या सायलीला ओरडतात, "ए बाई, झोपलीस का काय? बैलं उभ्या उभ्या म्हातारी हुतील!" हलगर्जीपणाचा ठपका ठेवून तिला कामावरून काढायचं चाललं आहे. घरात ती एकटी कमावती.

उन्हाळ्यात तू तो राउटर, काट्यावरची माहिती ऑफिसच्या संगणकाकडे नेणारी पेटी, बसवायला आली होतीस. मी डबा घेऊन आले, तर तू मला फरशीवर बसवून त्याची मागची बाजू दाखवलीस. वायर लावायच्या दोन जागा, दिसायला जुळ्या बहिणी. एकीतून सेकंदाला वीस लाख बिट जातात, दुसरीतून जेमतेम सव्वा लाख. काट्याची वायर पहिलीतच हवी. दुसरीत लावली तर माहिती वाटेत गळते, पुन्हा पुन्हा पाठवावी लागते. मी म्हणाले, मग मेल्यांनी तोंडं तरी वेगळी द्यायची! तू पिठलं-भाकरी खाताना हसून हसून ठसकलीस.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. वायरमन भिमाजीने राउटरचीही वायर काढली, पेटी पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मग वायर परत लावली. परवा तो घरी आला. "ताई, दोन्ही भोकं सारखीच हुती. म्या कंच्यात लावली, देवालाच ठाव." त्याने कारखान्याच्या साहेबांनाही हेच सांगितलं. साहेब म्हणाले, राउटर बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने वेग बरोबर आहे म्हणून सांगितलंय, तू गप बस. राउटरच्या कपाटाला आता कुलूप आहे. कंपनीच्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही.

वृषाली, तो इंजिनिअर म्हणजे तू. साहेबांनी पुण्याला फोन केला आणि तू म्हणालीस की हा राउटर सेकंदाला वीस लाख बिट नेतो, वेग कमी पडणार नाही. ते खोटं नव्हतं. वायर कुठल्या जागेत आहे ते साहेबांनी सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. एवढ्या गावांची कामं एकटीने ओढताना असं होतं, पोरी. मी रागावलेली नाही. पण तुझं तेच वाक्य आता सायलीच्या तोंडावर फेकलं जातं. गेटवर मी हजार माणसं पेटवू शकते, माझ्या भाषणाने ती वायर मात्र हलायची नाही. सोमवारी तेवीस तारखेला सकाळी तिची चौकशी आहे. तू ये. कुलूप उघडायला लाव आणि सगळ्यांदेखत, तुझ्या हाताने, ती वायर तिच्या जागी लाव.

तुझीच,
मुक्ताआत्या