‘ना’च्या गाण्यांचं पान

आई,

इकडे ओसाकात थंडी सरली. मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

सोबत एक पान पाठवतेय. आपल्या बारमधल्या कराओकेच्या जाड पुस्तकातलं, ‘ना’ने सुरू होणाऱ्या गाण्यांचं. शाळेत असताना मीच फाडलं होतं. बाबा गेल्यावर तू त्यांचं आवडतं गाणं माझ्या मैत्रिणींसमोर रडत रडत गायचीस, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पानच नसलं की मशीनला द्यायचा नंबर तुला सापडणार नाही, असं वाटलं. तू एवढंच म्हणालीस, "फाडलं असेल एखाद्या गिऱ्हाइकानं."

परवा शिगेओमामा फोनवर हसत होता, "अगं वेडे, तो नंबर ताईला तोंडपाठ होता!"

मग तू पुन्हा कधीच का गायली नाहीस, आई?

तुझीच,
चिझुरू