सतरा फेब्रुवारीची ओळ

१ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी खुशाली रोज सकाळी पेपरातून कळते. तुझं ‘आजचा दिवस’ छापून आलं की आप्पा समजतात, पोरगं धडधाकट आहे. पहिला टाइपरायटर कधी विकला गेला हे जगाला सांगायला तुला वेळ आहे, घरी चार ओळी लिहायला नाही. आप्पांना आता अक्षर दिसत नाही. मी मोठ्याने वाचते आणि ते चहा गार करत ऐकतात.

आता कामाचं. सतरा तारखेला आपल्या दादाला जाऊन पंचवीस वर्षं होतील. रंगाच्या कारखान्याची आग, बाहेरून लावलेलं कुलूप, आतली अकरा माणसं, हे तुला सांगायला नको. दर वर्षी त्या दिवशी आप्पा पुढे सरकून ऐकतात. वाचून संपलं की विचारतात, एवढंच का? ते स्वतः तुझ्याकडे कधी मागणार नाहीत, म्हणून मी मागते. यंदा एक ओळ टाक.

लोभ आहेच, तो कामाला लाव.
ताई

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चपराक पोचली. आमच्या सदरात एक शोध, एक लढाई, एक जन्म, एक मृत्यू असा ठरलेला मसाला असतो. सतराची लढाई काढून टाकली आणि लिहिलं: ‘रंगाच्या कारखान्यातील आगीत अकरा कामगारांचा मृत्यू, दाराला बाहेरून कुलूप होते.’ संपादकांनी वाचून मान हलवली. आप्पांना खुशाल आधी सांगून टाक. बारक्याच्या हातून काही होत नाही म्हणणारी तू, आता बोल!

आप्पांना नमस्कार. माया आहे तशी असू द्यावी.
बारक्या

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेपर पाहिलाच असशील. आदल्या दुपारी त्याच कारखान्याची पानभर जाहिरात आली, पन्नास वर्षं पूर्ण झाल्याची, आमच्या सदराच्या समोरच्याच पानावर. संपादक म्हणाले, समोरासमोर बरं दिसत नाही. आग काढली आणि त्या जागी एका नटीचा वाढदिवस घातला. तो मीच शोधून दिला. तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन करून तुला कळवायचा धीर झाला नाही. माझी दोन पोरं शाळेत आहेत, ताई. नोकरीवर पाणी सोडायला हवं होतं का? आप्पांना काहीतरी सांग. पुढच्या वर्षी बघू.

राग धरू नये.
बारक्या

२२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

काहीतरी सांग म्हणतोस. तुझं पत्र यायच्या आधीच मी सांगून बसले होते. तुझ्या भरवशावर मी आप्पांना सांगितलं, त्यांनी गल्लीभर सांगितलं. त्या सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मी सगळं सदर डोळ्यांखालून घातलं. आग नव्हती. तुझी ओळ मला पाठ होती, तीच वाचून दाखवली, कुलपासकट.  आप्पा म्हणाले, कापून दे. मी नटीचा वाढदिवस कापून दिला. तो त्यांनी दादाच्या फोटोच्या चौकटीत खोचलाय.

काल कारखान्यातले जुने मुकादम आले. त्यांची बायको त्याच कुलपामागे गेली. आप्पांनी मोठ्या रुबाबात ते कात्रण त्यांच्या हातात दिलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. मला तिथून उठताही येईना. मुकादमांनी कात्रण पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आगीचं वाचायला लागले. मनानेच. अकराही जणांची नावं घेतली, दादाचं, शेवटी बायकोचं. आप्पा माझ्यावर चिडले, की हिने नावं गाळून वाचलं.

मी मुकादमांना पोचवायला दारापर्यंत गेले. चपला घालताना ते म्हणाले, “आमच्याकडेही पेपर येतो, पोरी. त्या दिवशी मी दोनदा वाचला.”

आता आप्पांचा निरोप. शब्दाला शब्द लिहून घे म्हणालेत: “मालकाच्या नाकावर टिच्चून कुलूप छापलंस. एवढी छाती आपल्या घरात दादाचीच होती असं मी समजत होतो. चुकलो.”

हा आशीर्वाद तुझ्या नावाचा आहे, मी ठेवून घेऊ शकत नाही. पोचता केलाय. लोभ आहे, पण तो वाढावा असं यंदा लिहवत नाही.
ताई