नवरीचं सोंग

मुरबाड,
माघ वद्य पंचमी, १९४७

प्रिय गणू,

"तोंड उघडलं का बाद!" धर्माचं हे वाक्य अकरा वर्षांपूर्वीचं. परवा तांदूळ निवडताना ते एकाएकी आठवलं आणि सूप मांडीवरच राहिलं. तुमच्या हुतूतूच्या संघाचा तो म्होरक्या. खेळात दम तुटला की गडी बाद, तसं शिमग्याच्या सोंगात जो बोलेल तो बाद, असा नियमच त्याने करून टाकला होता. तू तो शेवटपर्यंत पाळलास. ते बरं केलंस की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही.

त्या साली सिद्धगडाच्या पायथ्याची ठाकरांची वाडी जळाली होती. "यंदा पोस्ताचं कोंबडं नाय खायाचं रे," धर्मा म्हणाला, "दारोदार जमंल ते समदं वाडीला." शिमग्याचं पोस्त म्हणजे तुम्हा गड्यांची वर्षाची मेजवानी, तरी कोणी कुरकुरलं नाही. आपली बहीण भिमी जाऊन तीनच महिने झाले होते, घरात सण नव्हता. पण तू म्हणालास, "सण नाय बाय, वाडीचं काम हाय." कमळू अंगाला पिवडी फासून वाघ झाला, रघू घोंगडी पांघरून अस्वल, धर्मा टोप घालून साहेब. अंगाने बारीक म्हणून नवरी तू. लुगडं मागायला माझ्याकडे आलास आणि मी पेटीतून भिमीचं हिरवं लुगडं काढून दिलं. माझी दोन लुगडी दोरीवर वाळत होती, गणू. तरी तेच का दिलं? मी स्वतःला किती वेळा विचारलं आहे. दर वेळी वेगळंच कारण सापडतं.

सगळं गाव हसत होतं. हौसाकाकू ओरडली, "नवरीचे हात बघा गो! नांगर धराया बरी हाय!" अस्वलाने तिच्या टोपलीतले बोंबील पळवले. तिने शिव्या घातल्या आणि वर पायलीभर भात दिला. मग तुम्ही आपल्या दारात आलात. तीन महिने ओट्यावर गप्प बसलेली आई उठली. तिने तुझा हात धरला, आत नेलं, पाटावर बसवलं. लेकीची भरतात तशी तांदूळ-नारळाने तुझी ओटी भरली आणि म्हणाली, "गण्यावर राग धरू नको, भिमे. पोर हाय तो. खेळाच्या नादात इसरला." पदराआड तुझे खांदे हलले. तू बोलला नाहीस. बाहेर कमळू डरकाळ्या फोडत होता.

दुसऱ्या दिवशी ओटीतले तांदूळही तू वाडीच्या पोत्यात घातलेस. पंधरा दिवस संघाबरोबर बांबू वाहिलेस, वाडीवर छपरं चढली, आणि तू कल्याणला गेलास तो गेलासच. जाताना धर्माशीही बोलला नाहीस. आईला त्यानेच सांगितलं असं तुला वाटलं असणार, कारण विठूच्या निरोपाची गोष्ट तुम्हा दोघांतच होती. शिमग्याच्या तीन महिने आधी मुरबाडच्या मैदानावर भर दुपारी भिमीच्या सासरचा, शहापूरचा विठू टोकावड्याला जाता जाता निरोप घेऊन आला: भिमी अडली आहे, आईला ताबडतोब गाडीने पाठवा. तू "निघतोच" म्हणालास. पण शेवटचा सामना उरला होता. तो जिंकून तू दिवेलागणीनंतर घरी आलास आणि म्हणालास, निरोप आत्ताच मिळाला. आईची गाडी पहाटे निघाली. भिमी रात्रीच गेली होती. दुपारी निघाली असती तर आई तिच्या उशाशी असती. तिला वाचवू शकली असती का, हे कोणालाच सांगता येणार नाही.

गणू, आईला हे धर्माने सांगितलं नाही. मी सांगितलं. विठू टोकावड्याहून परत जाताना विहिरीवर भेटला आणि सहज बोलून गेला, की गणूला दुपारीच सांगितलं होतं. घरी येऊन हंडा उतरवायच्या आधी मी ते आईला सांगितलं. रागाने सांगितलं, की खरं आहे म्हणून, की माझ्याच्याने एकटीने सोसवेना म्हणून? ठाऊक नाही. धर्माने मला दोनदा विचारलं, "गणू माझ्यावर का रुसला गो?" मी दोन्ही वेळा खाली पाहिलं.

आता आईला दिसतं कमी आणि आठवतं त्याहून कमी. कधीकधी मलाच भिमी म्हणते आणि मी ओ देते. परवा सूप बाजूला सारून तिला सरळ विचारलं, "आये, त्या शिमग्याला तू ओटी कोणाची भरलीस?" ती हसली. म्हणाली, "माज्या पोराचे पाय मी वळखत नाय व्हय? आंगठ्याचं नख उडालेलं. तोंडावर बोलले असते तं पळाला असता." अकरा वर्षं तुला जे बोल लागले, ते तिने तुला ओळखून, तुलाच जवळ घेऊन सांगितले होते, असं वाटून मी रडले. तेव्हाच पत्र लिहायला बसणार होते. पण काल पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "कुटलं सोंग गो? भिमी आल्ती. पानी बी न पिता गेली."

यातलं कुठलं खरं, मला कळत नाही, आणि विचारणारी मी असले की तिचं उत्तर आणखीच हलतं. म्हणून लिहिते आहे. एकदा ये आणि तूच तिला विचार. मुक्कामाला राहू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, माझ्या हातचं पाणीही घेऊ नकोस. आता माझं नाव कळल्यावर तर तू येणार नाहीसच, हे मी जाणून आहे. तरी ये. तिला तुझा आवाज ओळखता येतोय तोवर ये.

तुझीच बाय,
वत्सला