केळीच्या पोंग्याच्या रंगाची खोली

मी, मंगलाबाई सुकलाल पाटील, वय एकाहत्तर, धंदा शेती व घरकाम, राहणार प्रकाशा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना हे मृत्युपत्र करून ठेवते. गुडघे दुखतात, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. तापीकाठचे केळीचे शेत माझ्या नावे खरेदी झालेले आहे. ते माझ्यामागे मुलगा नवनीत याचे. तो सुरतेला नोकरी करतो, त्याला स्वतः कसणे जमणार नाही. बटाईने द्यावे, पण विहिरीजवळचा निंब तोडू नये.

२. सोन्याच्या पाटल्या, पोत आणि पेटीतली लुगडी मुलगी चेतना हिला, जी अक्कलकुव्याला दिली आहे. लुगडी नेसायची नसतील तर त्यांची गोधडी शिवावी, मला चालेल.

३. गावातील राहते घर माझे पती कै. सुकलाल यांनी हयातीतच बक्षीसपत्र करून मला दिले. हे घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह, मी दीपमाला हिला देते.

दीपमाला ही नवनीतची पूर्वीची पत्नी. दोघांचा रीतसर घटस्फोट झालेला आहे. कायद्याने ती माझी कोणी नाही, हे वकिलांनी मला समजावून सांगितले व मी समजून घेतले. तरीही देते. का, ते लिहून ठेवणे भाग आहे, नाहीतर म्हातारीचे डोके फिरले होते असे लोक म्हणतील.

दीपमाला नाशिकला घरसजावट शिकून आमच्याकडे सून म्हणून आली. तेव्हा आमच्या स्वयंपाकघराला कमरेपर्यंत काळपट तांबडा ऑइलपेंट होता. धूर दिसू नये म्हणून यजमानांनी तोच पसंत केलेला. मी आयुष्य त्या रंगासमोर भाकरी थापत काढले. एक दिवस दीपमाला रंगांचे नमुने घेऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आई, मागची खोली तुमची. तुम्हाला कुठल्या रंगात बरं वाटतं?"

भाजी कुठली करू, हे मी सगळ्यांना विचारत आले होते. असले मला कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, कोणताही दे. तिने नमुने आवरले, पण रंगाचा डबा आणला नाही. "तुम्ही सांगाल तेव्हाच," म्हणाली.

मग एका दुपारी शेतात केळीखाली जरा आडवी झाले. झोप आणि जाग यांच्या मधे कुठेतरी होते. डोळे मिटलेले, तरी पापण्यांच्या आत हिरवट पिवळे काहीतरी झिरपत होते. उघडून पाहिले तर डोक्यावर नुकता निघालेला पोंगा. ते गुंडाळलेले कोवळे पान अजून उलगडायचे होते, आणि ऊन त्याच्या आरपार येत होते. घरी येऊन सांगितले, "पोंग्याचा." ती शेतात आली, पानाशेजारी नमुने धरधरून पाहिले, आणि खोली तशी रंगवली.

त्या खोलीत पहिल्यांदा झोपले तेव्हा भिंती लांब गेल्यासारख्या वाटल्या. आपण आडवे असून कुठेतरी हलके चालत आहोत, पायाखाली ओली माती आहे, असे वाटले. अजूनही तसेच वाटते.

पुढे यजमानांना लकवा झाला. पुढच्या खोलीत त्यांची खाट टाकली. तिथली एक भिंत नवनीतने सुरतेत कुणाच्या घरी पाहून लालभडक करून घेतली होती. दिसायला देखणी होती, खोटे का बोला. पण दुपार कलली की खिडकीतले ऊन तिच्यावर पडे आणि हे ओरडत, "आग लागनी! ऊसले आग लागनी!" आमचा ऊस एकदा खरेच जळाला होता. आम्ही औषधे बदलली, अंगारे लावले. दीपमाला त्यांच्या उशाशी नुसती बसून राहिली, ते बघतात तिकडे बघत. मग म्हणाली, "आई, तुमची खोली त्यांना द्याल?"

नवनीत चिडला. "भितले रंग दीसन माणूस बरा व्हस का?"

माणूस बरा झाला नाही. होईल असे दीपमालाही कधी म्हणाली नव्हती. पण माझ्या खोलीत नेल्यावर ओरडणे थांबले. ते भिंतीकडे पाहत पडून असत आणि मधेच मला विचारत, "पानी सोडं का?" मी म्हणे, हो, सोडले. मग ते झोपत. असेच एका दुपारी झोपले, ते उठले नाहीत. चेहरा शेतातून जेवायला आल्यासारखा होता.

४. धाकटे दीर चुनीलाल यांस काही नाही. दहाव्याच्या दिवशी ते म्हणाले होते, "वहिनी, आते खोलीले चुना मारी दे. विधवा बाईनी खोली शे." मी खिडकी उघडली आणि त्यांना चहा दिला. माझ्या कार्याला त्यांनी अवश्य यावे. भिंतींबद्दल बोलू नये.

५. नवनीत आणि दीपमालाचे का पटले नाही, ते त्या दोघांचे. ती एका बॅगेनिशी गेली. आता नंदुरबारला भाड्याच्या खोलीत राहून लोकांची घरे सजवते. मी आजारी पडले की बसने येते, उशाशी बसते. या घरात तिने राहावे, विकावे, वाटेल तो रंग द्यावा. माझी खोली जपून ठेवण्याचे बंधन तिच्यावर नाही.

६. नवनीतला हे घर पाडून रस्त्याच्या बाजूने गाळे काढायचे होते. म्हणून त्याला अंधारात ठेवले नाही. दिवाळीला आला तेव्हा समोर बसवून सांगितले.

तो उठून उभा राहिला. "ती आते आपली कोण लागस?"

मी म्हटले, "तुन्ही कोणीच नही. मन्ही शे."

तो जेवला नाही. मागच्या खोलीत जाऊन वडिलांच्या खाटेवर पडला. मी दार ढकलून पाहिले तर लहानपणी झोपे तसा, तोंडाखाली हात घेऊन झोपला होता. दिवेलागणीला बाहेर आला. डोळे सुजलेले. म्हणाला, "तिले सांगं का?"

तिला सांगितलेले नाही, म्हटले. मी गेल्यावर कळेल.

मग त्याने खुर्ची ओढली, म्हणाला, मृत्युपत्र पुरे झाले की पेन मला दे, खाली मीही लिहितो. काय लिहायचे ते मी सांगितलेले नाही.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, बरोबर आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करते.

ठिकाण : प्रकाशा
दिनांक : २६ ऑक्टोबर २०२५

सही : मंगलाबाई सुकलाल पाटील

साक्षीदार :
१. दिलवरसिंग गिरासे, शेजारी, प्रकाशा
२. मगन चौधरी, निवृत्त पोस्टमास्तर, प्रकाशा

वरील मजकूर वाचला. घराबाबत माझी हरकत नाही. वेळ येईल तेव्हा घराची चावी मी स्वतः नंदुरबारला जाऊन दीपमालाच्या हातात देईन.
सही : नवनीत सुकलाल पाटील