नंदी कुठंय?

आप्पा, आज पाय फार दुखतायत. सिंहस्थाच्या कामांसाठी रामकुंडाकडचे रस्ते खोदून ठेवलेत, सगळीकडून वळसा घालून यावं लागतं आणि मग कपालेश्वराच्या या पायऱ्या. दिवसातून चारदा पर्यटकांना घेऊन चढते. शेवटच्या फेरीला आवाज बसलेला असतो, आणि खरं सांगायचं तर मनही.

तुम्ही वर देवळाच्या दाराशी बेलाची टोपली घेऊन बसायचात. महादेवाला आलेलं माणूस सवयीनं आधी नंदीला हात लावायला वाकतं. इथं तो हात हवेतच राहतो. मग बावरून तुम्हालाच विचारणार, "नंदी नाय का हो इथं?" तुम्ही याचीच वाट बघत असायचात. "नाय बसत तो इथं. गुरू हाय तो देवाचा." ब्रह्महत्येचं पाप घेऊन शंकर वणवण फिरतायत. एका गोऱ्ह्यानं ब्राह्मण मालकाला शिंगानं ठार मारलं, त्या पापानं तो काळाठिक्कर पडला आणि रामकुंडात बुडी मारून पुन्हा पांढरा झाला. ते पाहून देवही कुंडात उतरले आणि सुटले. तो गोऱ्हा म्हणजेच नंदी; ज्यानं वाट दाखवली त्याला पायाशी कसं बसवायचं? म्हणून देवच म्हणाले, तू माझ्यासमोर बसू नकोस.

मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. दिंडोरीकडच्या दोन बाया तुमच्यापुढं बसून ऐकत होत्या, एकीनं तर डोळ्यांना पदर लावलेला. मी मधेच तोंड घातलं. "काही नाही हो, जुना नंदी पडझडीत गेला असणार. मग कुणीतरी गोष्ट जुळवली. पुस्तकात दिलंय." बाया बेल न घेताच आत गेल्या. तुम्ही ओल्या फडक्यानं पानं पुसत राहिलात आणि मग हसून म्हणालात, "बरं झालं. आजपासनं तू माझी गुरू. आता माझ्यासमोर नाय बसायचं."

मी ते थट्टेवारी नेलं. तुम्ही नव्हतं नेलेलं. त्यानंतर मी आले की तुम्ही गप्प. कुणी विचारलंच तर माझ्याकडे बोट, "पोरगी शिकलेली हाय, तिला इचारा." तुम्ही जाईपर्यंत ती गोष्ट तुमच्या तोंडून मला पुन्हा ऐकायला मिळाली नाही. फार राग यायचा तुमचा. अजूनही येतो.

आता ती मीच सांगते, तुमच्याच शब्दांत, मोबाइलमध्ये बघणाऱ्या लोकांना. आज मनमाडच्या एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "बाई, खरं हाय का हे?" म्हटलं, "माझे वडील सांगायचे." तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. मी मात्र तिथंच खाली बसले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू, आप्पा? पर्समध्येच राहील. नंदी पडझडीत गेला, असं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्या दिवशी कॉलेजची मैत्रीण माझ्या मागं उभी होती, आणि बेलवाल्याची मुलगी म्हणून मला तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं.