सहाव्या बाईचा अंगठा

४ सप्टेंबर, सकाळ
नातीनं फोनमधलं एक बटण दाखवलं. दाबायचं, बोलायचं, फोन लिहून ठेवतो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही आणि दुसरं कोणी वाचणार नाही. म्हणजे जागा एकदम सेफ. आजपासून रोज खरं बोलायचं. निदान इथं तरी.

नात कॉलेजात कम्युनिकेशन शिकते. माणसं एकमेकांशी कशी बोलतात याचा दोन वर्षं अभ्यास चाललाय, घरात मात्र ‘हं’ आणि ‘नको’ यापुढे गाडी जात नाही. तिला आणि तिच्या उंच मैत्रिणीला मिळून एका मोठ्या परिषदेला संशोधनाचा पेपर पाठवायचाय. विषय, अक्षरं न शिकलेल्या बायका व्हॉइस मेसेज कसे वापरतात. सहा बायका पाहिजेत. तीन मिळाल्या : मी, कॉलेज झाडणाऱ्या मावशी आणि त्या उंच मुलीची आजी. मी म्हटलं, उरलेल्या तीन मी आणते, बागेतल्या बाकावर ओळीनं बसल्यात. नात म्हणाली, आजी, तू ग्रेट आहेस. आहेच.

६ सप्टेंबर, संध्याकाळ
बाकावर जाऊन आले. विचारलं नाही.

कारण सांगून ठेवते. त्या बाकावर मी आठ वर्षं पेपर उघडून बसते. सकाळी रेडिओवर बातम्या ऐकायच्या, संध्याकाळी पेपर तोंडासमोर धरून त्याच सांगायच्या. तिघी कशा माना डोलावतात! आता कोणत्या तोंडानं सांगू, की नात निरक्षर बायका शोधतेय आणि यादीत पहिली मीच आहे?

उद्या विचारते.

९ सप्टेंबर
वारा होता. वाऱ्यात असलं बोलता येत नाही.

११ सप्टेंबर, दुपारी दोन
सून ऑफिसात, नात कॉलेजात. काम झालं.

यात खोटं काही नाही. सहा बायका पाहिजेत, मी एकटीच सहांच्या बरोबरीची आहे असं सून नेहमी म्हणते. प्रश्न फोनवर आवाजात आले होते, उत्तरं आवाजातच द्यायची. मुलाचा जुना फोन घेतला. चौथी बाई म्हणून नाक चिमटीत धरून बोलले. पाचवी तोंडावर टॉवेल धरून. सहावीला कवळी काढून ठेवली.

मग संमतीचे फॉर्म. माझा डावा अंगठा माझ्या फॉर्मवर आधीच लागलेला. चौथीला उजवा दिला. पाचवीला करंगळी, असते एखादी नाजूक. सहावीला काय द्यायचं? बराच विचार केला. शेवटी खुर्चीत बसून पायाचा अंगठा दिला. कमरेत उसण भरली, पण नातीसाठी माणूस काय करत नाही.

१२ सप्टेंबर
पायाच्या अंगठ्याची शाई निघत नाही. मोजे घातले. सून म्हणाली, एवढ्या उकाड्यात? मी म्हटलं, वयात गारठा असतो.

१५ सप्टेंबर
पेपर पाठवला. नात तर सहाव्या बाईच्या प्रेमातच पडलीय. ती बाई म्हणाली होती, ‘माझा मुलगा परगावी असतो. माझा मेसेज तो दुप्पट वेगानं ऐकतो. म्हणून मी मुद्दाम हळू बोलते, तेवढाच जास्त वेळ थांबेल.’ त्यांच्या सरांनी म्हणे हे वाक्य दोनदा ऐकलं आणि चष्मा पुसला.

मला जरा अॅसिडिटी आहे.

६ ऑक्टोबर
पेपर घेतला! पाचशे पेपर आले होते, ऐंशी घेतले. दोघींना मोठ्या हॉलमध्ये बोलायचंय. पेपरला नावच दिलंय ‘तेवढाच जास्त वेळ’. नातीनं मला उचलून गोल फिरवलं. मी म्हटलं, खाली ठेव. ती म्हणाली, आजी, हे तुझ्यामुळे झालं. मी म्हटलं, खाली ठेव गं आधी.

ठरलं. उद्या चहा झाला की सगळं सांगून टाकायचं.

७ ऑक्टोबर
चहा सांडला. असल्या दिवशी सांगू नये.

१० ऑक्टोबर
नातीला सर्दी झालीय. आजारी पोरीला कुठे त्रास द्यायचा.

१४ ऑक्टोबर
नातीची सर्दी गेली. तर आता मला झाल्यासारखी वाटते.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळी सात
रिहर्सल. उंच मुलगी घड्याळ धरून बसली, नात फ्रिजसमोर उभी राहून बोलत होती. सहाव्या बाईचं वाक्य आलं आणि नात थांबली. म्हणाली, आजी, या बाईंना एकदा भेटव ना. बिचाऱ्या किती एकट्या असतील. मी म्हटलं, भाजी लागतेय वाटतं. गॅसवर काहीच नव्हतं.

परवा नक्की. परवा माझं डोकं शांत असतं.

२० ऑक्टोबर
डोकं शांत होतं, म्हणून त्याला हात लावला नाही.

२२ ऑक्टोबर, दुपार
कॉलेजातल्या एक बाई परिषदेला जाण्याआधी सगळे फॉर्म तपासतात. सहावा फॉर्म उजेडात धरून म्हणाल्या, या आजी कुस्ती खेळतात का गं?

नात घरी आली. चप्पल न काढताच समोर उभी राहिली. म्हणाली, मोजा काढ.

काढला. नखाच्या खाचेत शाई अजून होती.

ओरडली असती तर बरं झालं असतं, मी चार शब्द परत दिले असते. ती खाली बसली. म्हणाली, आजी, परगावी तर बाबा असतात, मेसेज दुप्पट वेगानं तेच ऐकतात. आणि पहिल्या मुलाखतीत तू स्वतःच्या नावावर काय सांगितलंस? मुलगा रोज फोन करतो, सगळं शांतपणे ऐकून घेतो. जे खरं होतं ते तुला कवळी काढून का सांगावं लागलं?

मी म्हटलं, तुझ्या पेपरात माझ्या मुलाची बदनामी कशाला? हे कारण चांगलं होतं. तिला पटलं नाही. खरं म्हणजे मलाही नाही.

२३ ऑक्टोबर
सहापैकी चौघी गेल्या. पहिलीही काढली, म्हणजे मी. तिचा भरवसा नाही म्हणे. दोन बायकांचा पेपर होत नाही. दोघींनी मिळून परिषदेला मेल लिहिला आणि पेपर मागे घेतला. उंच मुलगी खिडकीकडे तोंड करून रडत होती. मला वाटलं होतं ती कशानंच रडणार नाही, एवढी उंच.

सर म्हणाले, पुढच्या वर्षी खऱ्या बायका घेऊन या.

मी सॉरी म्हणायला तीनदा दारापर्यंत गेले. तिसऱ्यांदा म्हटलं. नात म्हणाली, हं.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळ
बाकावर गेले. पेपर नेला नाही. बसता बसताच सांगितलं, मला वाचता येत नाही. आठ वर्षं फसवलं तुम्हाला. आता काय बोलायचं ते बोला.

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मधली ठेंगणी म्हणाली, अगं, रेडिओ आमच्या घरीही आहे.

टोकाची म्हणाली, बातम्या सकाळीच ऐकलेल्या असतात, आम्ही तुझा आवाज ऐकायला येतो. तिसरी म्हणाली, पण बाई, क्रिकेटचा स्कोअर तू रोज चुकवतेस.

आठ वर्षं! एकीनंही तोंड उघडलं नाही. मग मी नातीचं काम सांगितलं, पायाच्या अंगठ्यासकट. तिघींना अक्षर येत नाही, तिघी तयार. चार वाक्यांचं काम होतं.

३० ऑक्टोबर, सकाळी अकरा
आज परिषद. तिथं मोठ्या हॉलमध्ये दुसरंच कोणीतरी बोलत असेल.

आपल्या घरात आतल्या खोलीत मुलाखती चालल्यात. पुढच्या वर्षासाठी. तिघी नटून आल्यात. मी दारापाशी उभी राहिले, तर नात म्हणाली, आजी, तू लांब बस. आणि मध्ये बोलू नकोस.

मला काम दिलंय. शाईचं पॅड धरायचं. एकेक जण बाहेर येते, अंगठा उठवते, परत आत जाते. ठेंगणीनं अंगठा टेकवला, माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, याच पॅडवर का गं?

मी हो म्हटलं.

तिनं पॅडचा वास घेऊन बघितला.