हिवताप मागायला गेलेली नात

अण्णा,

तुमची नात स्वतःला मुद्दाम हिवताप करून घ्यायला निघाली होती. हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतंय, म्हणून आधीच लिहून टाकलं. तुम्ही गेलात तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. आता ती इंग्लंडमध्ये शिकते, रोगजंतूंचंच काहीतरी, आणि दर रविवारी तिचा फोन येतो. असाच एक रविवार. कारखान्याला सुट्टी, मी स्वयंपाकघरात जेवायला बसलेलो, ही पोळ्या लाटतीय. फोन भिंतीला टेकवून ठेवला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर पोरगी म्हणाली, "पप्पा, मला लहानपणी कधी मलेरिया झाला होता का?"

मला वाटलं, आजारी पडली. घास तसाच राहिला. तर म्हणाली, "नाही हो, मी ठणठणीत आहे. म्हणूनच तर विचारतेय." मग तिने सगळं सांगितलं. तिथे एक प्रयोग चालतो. निरोगी तरुण माणसं घेतात. त्यांतल्या काहींना आधी नवी लस टोचतात, काहींना नाही. मग एका कपात जंतू असलेले डास सोडतात, वर जाळी असते, त्या जाळीवर हात ठेवून बसायचं. डास चावले की घरी जायचं. पुढे रोज रक्त तपासतात आणि जंतू दिसले की ताबडतोब औषध देतात. लस चालते की नाही, ते असं लवकर कळतं म्हणे. आणि आमच्या बाईसाहेबांनी त्यात आपलं नाव दिलं होतं. अट एवढीच, की आधी कधी हिवताप झालेला नसावा.

अण्णा, मी सोलापुरातला टॉवेल विणणारा माणूस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दिवसभर मागांच्या खडखडाटात उभा असतो. मला फार कळतं असं नाही. पण डॉक्टर आजारी माणसाला बरं करतो, एवढं मला कळत होतं. चांगल्या माणसाला आजारी पाडायलाही डॉक्टरच लागतो, हे त्या दिवशी कळलं. मी तिला तेच म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, असं केलं नाही तर हजारो लोकांना लस देऊन नुसती वाट बघत बसायचं, कुणाला ताप येतो आणि कुणाला नाही. तोवर पोरं मरतातच की. त्यांना कुणी विचारलं होतं का, तुला आजारी पडायचंय का म्हणून? मला निदान विचारलंय. समजावून सांगितलं आणि वर माझीच परीक्षा घेतली, मला कळलंय की नाही बघायला."

तिचा तो समजूतदार आवाज ऐकला आणि मला तुमचाच राग आला. तिचा नाही, तुमचा. तुम्हाला कारण माहीत आहे.

तुम्ही हिवताप खात्यात डास पकडायच्या कामावर होता. मला शाळेत 'तुझे वडील काय करतात' असं विचारलं की मी नुसतं 'सरकारी नोकरी' म्हणायचो. नववीच्या सुट्टीत एकदा तुम्ही मला बार्शीकडच्या एका खेड्यात बरोबर घेऊन गेलात. एसटीतून उतरून आपण बरंच चाललो. दिवेलागणीची वेळ, जनावरांचा गोठा, शेणाचा आणि कडब्याचा वास. तुम्ही पोतं अंथरून बसता, पँट गुडघ्याच्या वर गुंडाळता आणि पाय पुढे सोडून देता. तोंडात रबरी नळी, तिच्या टोकाला काचेची नळी. पायावर डास बसला की श्वास ओढायचा, डास काचेत. चावायच्या आत ओढायचा, असं तुम्ही सांगायचात, पण सगळे डास काही तुमच्या श्वासाची वाट बघत थांबत नव्हते. मी ते बघत राहतो, आणि मला वाटतं आपणही काही मदत करावी. म्हणून मी तुमच्या शेजारी बसून माझी पँट वर सरकवतो.

तुम्ही नळी तोंडातून काढलीत आणि माझ्या पोटरीवर फाडकन मारलंत. "तुला कुणी बसवलंय रं हितं? पाय झाक."

"तुमी बसलाय की," मी म्हणालो.

"मी मोटा हाय. मला कळतंय मी काय करतोय. तुला कळंल तवा बस, मी न्हाय म्हणणार न्हाय."

बघा अण्णा, करून ठेवलीत ना पंचाईत. मी काही विसरलेलो नाही. पोरगी चोवीस वर्षांची. तिला कळतंय, माझ्यापेक्षा जास्तच कळतंय. मग मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

पण आईही मला आठवत होती. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तुम्हाला हिवताप भरला. आई एकावर एक चादरी घालत होती आणि तरी पलंग हलत होता. तुमचे दात वाजत होते. तिची बडबड चालू होती, "पगार डास धरायचा हाय का डासाला रगत पाजायचा? सायबाला म्हणावं, तू बस की पाय उगडा टाकून." तुम्ही चादरीतूनच म्हणालात, "कुणाचा तरी पाय लागतोय गं. गुराला बसवून माणसाचा डास कसा घावंल?" आणि बरे होऊन कामावर गेलात तर साहेबाने काय विचारलं? हा ताप कामावरच लागला कशावरून. घरी डास नसतात का. तुमची रजा गेली आणि वर तोंड बंद. तुम्ही घरी येऊन ते हसत हसत सांगितलंत. आई हसली नाही. मला अजून कळत नाही तुम्ही का हसलात.

मी हे पोरीला सांगितलं. म्हणजे तुमच्या तापाचं आणि साहेबाचं. मला वाटलं, घाबरेल. ती उलट म्हणाली, "मग तेच तर. आजोबांना कुणी विचारलं नाही आणि नंतर कुणी सांभाळलंही नाही. इथे दोन्ही करतात. चूक डास चाववण्यात नव्हती पप्पा, चूक त्या साहेबाची होती." घ्या. तुमचं उदाहरण मी दिलं आणि तेही तिच्याच बाजूने गेलं. तुम्ही दोघं एकमेकांना कधी भेटला नाहीत आणि माझ्याविरुद्ध एक झालात.

दुसऱ्या दिवशी मी सात रस्त्याला आपल्या डॉक्टरांकडे गेलो. तुमच्या वेळचे ते गेले, आता त्यांचा मुलगा बसतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, औषध हाताशी असताना, रोज रक्त तपासत असताना धोका फार कमी. ताप येईल, अंग दुखेल, बरी होईल."

"फार कमी म्हणजे नाही, असं का?"

"नाही असं कशालाच म्हणता येत नाही."

"तुमची मुलगी असती तर पाठवली असती?"

त्याने यंत्राचा पट्टा उचलला आणि म्हणाला, "तुमचं बीपी बघू जरा." बीपी वाढलेलं होतं. त्याने मला गोळी लिहून दिली. पोरगी आजारी पडायला निघाली आणि औषध मला सुरू झालं.

घरी येऊन हिला सांगितलं तर ही म्हणते, "तुम्ही सगळ्यांना विचारत सुटलाय. ती तुम्हाला विचारत नाहीये, सांगतीय." मी विचारलं, "तुला भीती वाटत नाही?" तर म्हणाली, "वाटतीय की. माझी भीती काय तिच्या अंगावर घालू?" त्यानंतर आठवडाभर आम्ही भाजीत मीठ जास्त की कमी यापलीकडे काही बोललो नाही.

आणि पुढे काय झालं ते ऐका. निवडीच्या वेळी तिथल्या लोकांनी तिचं रक्त तपासलं. त्यात जुन्या हिवतापाच्या खुणा निघाल्या. कधी झाला, कुठे झाला, आम्हाला पत्ता नाही. लहानपणी ताप तर दहा वेळा यायचा, डॉक्टर गोळ्या द्यायचे, उतरायचा. त्यातलाच एखादा असणार. त्यांना ज्याच्या रक्ताने हा रोग पाहिलेलाच नाही असं माणूस हवं, म्हणजे लसीचा गुण स्वच्छ दिसतो. तिला आभार मानून परत पाठवलं. तिने फोन केला तेव्हा ती रडत होती. सगळं समजून-उमजून तयार झालेली पोर, आणि सोलापुरात वाढली म्हणून नापास.

मी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता ना? टाकला नाही. मी भडकलो. म्हणालो, "ज्यांच्या गावात हा रोग आहे त्यांची लस, आणि त्यांचंच रक्त चालत नाही? काय वाईट आहे आपल्या पोरीच्या रक्तात?" ही म्हणाली, "तुम्हाला नक्की काय पाहिजे ते एकदा ठरवा, आणि मला सांगा." मी अजून ठरवलेलं नाही. चांगल्या जिवाला जाणूनबुजून रोग लावणं मला आजही पटत नाही. आणि कुणाचा तरी पाय लागतो, हेही खोटं म्हणता येत नाही. तुम्ही असता तर चार वाक्यांत मोकळे झाला असता. म्हणूनच तुमच्याशी भांडतोय.

ती आता त्याच प्रयोगशाळेत दुसरं काम बघते. स्वयंसेवक आले की त्यांना समजावून सांगायचं, पुढे रोज फोन करून ताप विचारायचा. मागच्या रविवारी म्हणाली, त्यांतल्या एका मुलाला रात्री ताप भरला, तर सकाळी सगळ्यांच्या आधी तीच त्याच्या दाराशी उभी. हे ऐकून मला बरं वाटलं, ते मी तिला म्हणालोही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेच बरं. टाकायचं असतं तर पुढचं लिहिलं नसतं. त्या पहिल्या रविवारी तिने विचारलं, मलेरिया झाला होता का, आणि कशासाठी ते सांगितलं, तेव्हा मी 'नाही' म्हणालो. आमच्या माहितीप्रमाणे तेच खरं होतं. पण अण्णा, माझ्या ओठांवर 'हो' आला होता. 'हो, पहिलीत असताना झाला होता,' असं इयत्तेसकट तयार होतं. पण हिने लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, म्हणून खरं बोललो.